नोंदवहीतील शून्याची पारख

(आरोग्य कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मला देण्यात आलेला विषय 'आफ्रिकेतील देशांमधील सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांची देखरेख व मूल्यमापन' असा आहे. नायजेरिया, घाना, चाड ही नावे आपल्यापैकी बहुतेकांनी नकाशावरच पाहिली असतील. त्यामुळे विषय दूरचा वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या रोगाच्या हकीकतीने मी आरंभ करणार आहे, तो आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो रोग म्हणजे नारू. महाराष्ट्र हे भारतातील नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. देशात १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात आला, जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. हाच लढा आफ्रिका खंडात अधिक प्रदीर्घ ठरला, आणि त्या लढ्यातून मोजणीचे एक शास्त्र उभे राहिले. त्या शास्त्राचा आज आपण विचार करू.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. काम चालू असताना ते ठरल्याप्रमाणे होत आहे किंवा नाही, हे वेळोवेळी पाहणे म्हणजे देखरेख. कामाचा जो हेतू होता तो सफल झाला किंवा नाही, हे पारखणे म्हणजे मूल्यमापन. पेरणी किती हेक्टरांवर झाली, हा देखरेखीचा प्रश्न. पीक किती आले, हा मूल्यमापनाचा प्रश्न. मात्र या दोहोंच्या मुळाशी एक तिसरा प्रश्न असतो व तो बहुधा विचारला जात नाही. जो आकडा आपण वाचतो आहोत, तो कोणी, कसा आणि काय पाहून लिहिला? महसूल खात्यातील मंडळींना नजरअंदाज पैसेवारी आणि पीक कापणी प्रयोग यांतील अंतर सांगावयास नको. आरोग्याच्या क्षेत्रातही नेमके तेच अंतर असते.

रिकाम्या कणगीचा रोग

बारवा, उघडी तळी, पाझर खड्डे यांच्या साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे अतिसूक्ष्म जलजीव असतात. नारूच्या अळ्या त्यांच्या शरीरात शिरतात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्या माणसाच्या पोटात जातात. पुढे सुमारे एक वर्ष त्या माणसास काहीही जाणवत नाही. वर्षानंतर, बहुधा पायावर, फोड येतो, विलक्षण आग होते आणि फोड फुटून त्यातून दोन ते तीन फूट लांबीचा, दोऱ्यासारखा कृमी बाहेर येऊ लागतो. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढावा लागतो व त्यात कित्येक आठवडे जातात. आग शमावी म्हणून रुग्णाने पाय पाण्यात बुडविला, की कृमी असंख्य अळ्या त्या पाण्यात सोडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. या रोगावर लस नाही, रोग बरा करणारे औषधही नाही.

नारूने मृत्यू क्वचितच येतो. पण ऐन हंगामात घरातील कर्ती माणसे अंथरुणास खिळतात. मालीमधील डोगॉन लोक या रोगास 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणतात, त्याचे कारण हेच होय.

मोजणीच्या दृष्टीने या रोगाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. एक असे, की त्याच्या निदानासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातील कोणीही शहाणा माणूस तो ओळखू शकतो. दुसरे असे, की आज दिसणारा रुग्ण हा गेल्या वर्षीच्या चुकीचा पुरावा असतो. यंदा केलेल्या कामाचे फळ पुढील वर्षीच दिसते. वर्षअखेरीच्या अहवालावर विसंबून राहणाऱ्या व्यवस्थेस असा रोग हमखास चकवितो.

नोंदवही दवाखान्यात, रोग शेतात

१९८० च्या दशकाच्या मध्यास आफ्रिका व आशियातील सुमारे २० देशांत मिळून दरवर्षी ३५ लाख लोकांना नारू होत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने नारूच्या उच्चाटनाचा ठराव केला. त्याच वर्षापासून अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने या कार्यक्रमाचे नेतृत्व केले. पण रुग्ण नेमके कोठे आहेत आणि किती आहेत, हे आफ्रिकेतील बहुतेक सरकारांना नीट ठाऊक नव्हते. आरोग्य मंत्रालयांकडे येणारे आकडे दवाखान्यांतून येत असत. नारू झालेला माणूस तर चालू शकत नाही. आणि कसाबसा चालत गेला तरी दवाखान्यात औषध नाही, हे त्यास माहीत असते. मग तो जाईल कशाला? नोंदवही दवाखान्यात बसली होती आणि रोग शेताच्या बांधावर होता.

म्हणून घरोघरी, गावोगावी जाऊन शोध घेण्याचे ठरले. नायजेरियात १९८७-८८ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रव्यापी शोधमोहिमेत साडेसहा लाखांहून अधिक रुग्ण आढळले. घानामध्ये १९८९ साली सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांची नोंद झाली. पूर्वीच्या अधिकृत नोंदींच्या कितीतरी पट हे आकडे होते. येथे एक गोष्ट विशेष नमूद केली पाहिजे. कागदोपत्री पाहता या दोन देशांत रोग एका वर्षात प्रचंड वाढल्याचे दिसत होते. वास्तविक रोग तेवढाच होता. वाढली होती ती दृष्टी. दोन्ही सरकारांनी हे आकडे दडविले नाहीत, जगापुढे मांडले, आणि तेथून पुढे निर्मूलनाच्या कार्याला खरा प्रारंभ झाला. मूल्यमापनाची पहिली पायरी हीच असते. मोठा आकडा पाहून जो अधिकारी कर्मचाऱ्यास धारेवर धरतो, त्यास पुढील वर्षी लहान आकडा मिळतो. परंतु रोग मात्र कमी झालेला नसतो.

चोवीस तासांची कसोटी

शोधमोहिमेनंतर प्रत्येक नारूग्रस्त गावात एका स्वयंसेवकाची निवड करण्यात आली. तो त्याच गावचा रहिवासी असे. गाळण्याचे कापड वाटणे, रुग्णाची जखम बांधणे, त्यास पाण्यात उतरू न देणे आणि नोंद ठेवणे, ही त्याची कामे. दर महिन्यास त्याची नोंद पर्यवेक्षकाकडे, तेथून जिल्ह्याकडे व जिल्ह्याकडून राजधानीकडे जाई. रुग्ण नसल्यास 'शून्य' असे लिहून अहवाल पाठविणे बंधनकारक होते. कोरी जागा आणि शून्य यांत भेद करण्यात आला. कोऱ्या जागेचा अर्थ 'कोणी पाहिले नाही'. शून्याचा अर्थ 'पाहिले, परंतु आढळले नाही.' किती टक्के गावांनी अहवाल पाठविला, ही संख्या रुग्णसंख्येइतक्याच काळजीने पाहिली जाऊ लागली.

त्यानंतर 'रोखलेला रुग्ण' ही कल्पना आली. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत चार प्रश्न विचारले जात. कृमी बाहेर येण्यापूर्वी किंवा आल्यापासून २४ तासांच्या आत रुग्णाचा शोध लागला काय? कृमी बाहेर आल्यानंतर तो पाण्याच्या साठ्यात उतरला नाही ना? स्वयंसेवकाने जखमेची योग्य व्यवस्था करून रुग्णास समज दिली काय? आणि सात दिवसांच्या आत पर्यवेक्षकाने स्वतः येऊन खात्री केली काय? चारही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तरच तो रुग्ण रोखला असे मानावयाचे. तीन उत्तरे बरोबर आली म्हणून पाऊण गुण द्यावयाचे नाहीत. कारण रुग्ण एकदा तळ्यात उतरला, की पुढील वर्षाचे रुग्ण त्याच दिवशी ठरले.

या कसोटीची योग्यता अशी, की तिच्यामुळे पुढील वर्षाची चाहूल याच वर्षी लागते. वर्षभराने काय होणार, याची वाट पाहण्याची गरज उरत नाही. एखाद्या जिल्ह्यात शंभर रुग्णांपैकी नव्वद रोखले गेले, आणि दुसऱ्यात वीसपैकी पाचच रोखले गेले, तर काळजी दुसऱ्या जिल्ह्याची करावी, हे लगेच कळते.

माहिती वर पाठविणाऱ्यास ती परत खालीही मिळाली पाहिजे, याचीही काळजी घेण्यात आली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातर्फे 'गिनी वर्म रॅप-अप' नावाचे एक साधे वार्तापत्र काढण्यात येऊ लागले. कोणत्या देशात किती रुग्ण, त्यांपैकी किती रोखले, कोणाचा अहवाल आला नाही, हे सर्व त्यात नावानिशी छापले जाते. मंत्री, अधिकारी, देणगीदार संस्था, सर्वांच्या हाती तेच पान पडते. माहिती खात्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्यास यातील मर्म लगेच जाणवते. आकडा कपाटात राहिला तर तो केवळ दप्तर. तो जेथून आला तेथे परत गेला तर त्याचे रूपांतर कृतीत होते.

घानाची वाटचाल सरळ रेषेत झाली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथील रुग्णसंख्या दहा हजारांच्या आत आली. परंतु १९९४ मध्ये उत्तर भागात वांशिक संघर्ष उसळला, कामात खंड पडला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ आकडा हजारांतच अडकून राहिला. २००६ साली ४,१३६ रुग्ण होते. सावेलुगु या गावी नळपाणीपुरवठा विस्कळीत झाल्यावर २००६-०७ मध्ये मोठी साथ आली. नारूचा आकडा हा पाणीपुरवठा खात्याच्या कामाचेही मूल्यमापन असतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. त्यानंतर मात्र काम निकराने झाले. मे २०१० मध्ये घानात शेवटचा रुग्ण आढळला व जानेवारी २०१५ मध्ये त्या देशास नारूमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. नायजेरियास ते डिसेंबर २०१३ मध्ये मिळाले होते.

टक्केवारीचा छेद

आता लसीकरणाकडे वळू. एखाद्या जिल्ह्यात ९५ टक्के बालकांना त्रिगुणी लशीची तिसरी मात्रा मिळाली, असा अहवाल येतो. या टक्केवारीत वरचा आकडा असतो टोचलेल्या मात्रांचा, आणि खालचा, म्हणजे छेदातील आकडा, एकूण बालकांचा. वरचा आकडा कर्मचारी भरतो. खालचा येतो जनगणनेवरून. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात १९८४ नंतर कित्येक दशके जनगणना झाली नाही. नायजेरियात २००६ नंतर दीर्घकाळ अंदाजावरच भागवावे लागले. बालकांची संख्याच ठाऊक नसेल, तर टक्केवारी कशाची? अशा ठिकाणी शंभराहून अधिक टक्के लसीकरण झाल्याचे अहवाल येतात व ते पुढे पाठविलेही जातात.

यावर उपाय म्हणजे नमुना पाहणी. तिची जडणघडण आफ्रिकेतही झाली आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम व मध्य आफ्रिकेतील २० देशांत देवी निर्मूलनाची मोहीम चालू होती. लस टोचल्याचा दंडावर व्रण राहतो. तेव्हा कागदावरील मात्रा मोजण्याऐवजी निवडक वस्त्यांमधील लोकांच्या दंडावरील व्रण मोजावेत, असे तेथील तज्ज्ञांनी ठरविले. पुढे याच पद्धतीतून जागतिक आरोग्य संघटनेची प्रसिद्ध '३० वस्त्या, प्रत्येकी ७ बालके' ही पाहणी आकारास आली. अवघ्या २१० बालकांची माहिती घेऊन संपूर्ण प्रदेशातील लसीकरणाचा बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधता येतो. पीक कापणी प्रयोगाचेच हे आरोग्यातील रूप म्हणावयास हरकत नाही.

नोंद आणि पाहणी यांत किती अंतर पडू शकते, याची दोन उदाहरणे देतो. लस व लसीकरण यांसाठी २००० मध्ये स्थापन झालेल्या 'गावी' या जागतिक संघटनेने गरीब देशांसाठी एक प्रोत्साहन योजना आखली. पूर्वीपेक्षा जितक्या अधिक बालकांना लस मिळेल, तितक्या प्रत्येक बालकामागे २० डॉलर द्यावयाचे. हेतू चांगला होता. परंतु २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या योजनेखालील देशांच्या, आणि त्यांत आफ्रिकेतील अनेक देश होते, सरकारी अहवालांनुसार १ कोटी ३९ लाख अधिक बालकांना लस मिळाली होती. घरोघरच्या पाहण्यांवरून काढलेला अंदाज मात्र ७४ लाखांचा होता. आकड्याला पैसा बांधला, की आकडा पैशाकडे झुकतो. यात सर्वच ठिकाणी लबाडी होती असे मानण्याचे कारण नाही. मोजण्यातील ढिलाई नेहमी लाभाच्या बाजूने होते, हा मनुष्यस्वभाव आहे.

दुसरे उदाहरण नायजेरियाचे. २०१६-१७ मध्ये तेथे झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक ते दोन वर्षे वयाच्या बालकांपैकी केवळ ३३ टक्के बालकांना पेंटाव्हॅलंट लशीची तिसरी मात्रा मिळाल्याचे आढळले. शासनाने ही पाहणी फेटाळून लावली नाही. २०१७ मध्ये नियमित लसीकरणाच्या क्षेत्रात आणीबाणीची स्थिती असल्याचे जाहीर करून स्वतंत्र समन्वय केंद्र उभारले. अप्रिय आकडा स्वीकारण्यास जे धैर्य लागते, ते कोणत्याही यंत्रसामग्रीने मिळत नाही.

शून्य सिद्ध कसे करावे?

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. रोग पुष्कळ असतो तेव्हा मोजणे सोपे असते. खरी परीक्षा रोग संपत आला की सुरू होते. 'आमच्याकडे एकही रुग्ण नाही' असे जेव्हा एखादा जिल्हा कळवितो, तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर रोग खरोखर नाही, किंवा कोणी पाहिलेलेच नाही. कागदावर ही दोन्ही शून्ये सारखीच दिसतात. त्यांना वेगळे कसे करावयाचे?

पोलिओच्या कार्यक्रमाने याचे फार मार्मिक उत्तर शोधले आहे. बालकास अचानक लुळेपणा येण्यास पोलिओखेरीज अन्यही कारणे असतात. पोलिओ पूर्णपणे नाहीसा झाला, तरी १५ वर्षांखालील दर एक लाख बालकांमागे वर्षाला किमान एका बालकास अन्य कारणाने असा लुळेपणा येतोच. तेव्हा प्रत्येक जिल्ह्याने पोलिओचे नव्हे, तर अचानक लुळेपणा आलेल्या प्रत्येक बालकाचे वृत्त द्यावयाचे आणि १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवावयाचे. एखाद्या जिल्ह्याने लुळेपणाचे असे अपेक्षित रुग्ण कळविले आणि त्या सर्वांच्या नमुन्यांत पोलिओ आढळला नाही, तर ते शून्य खरे. ज्या जिल्ह्याने लुळेपणाचा एकही रुग्ण कळविला नाही, तो पोलिओमुक्त नव्हे. तो झोपलेला आहे, असे समजावे. आपल्या देशातही हीच पद्धत अवलंबिली गेली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये प्रमाणपत्र मिळाले ते अशाच शोधाच्या बळावर.

तथापि ही कसोटीही पाहणारा जेथे पोहोचेल तेथेच लागू पडते. जुलै २०१४ नंतर नायजेरियात पोलिओचा रुग्ण आढळला नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून नायजेरियाचे नाव वगळण्यात आले. ऑगस्ट २०१६ मध्ये ईशान्येकडील बोर्नो राज्यात पोलिओने लुळी झालेली बालके आढळली. विषाणूच्या जनुकीय तपासणीवरून असे दिसून आले, की तो सुमारे पाच वर्षे तेथेच, कोणाच्याही नजरेस न येता फिरत होता. बोर्नोचा मोठा भाग सशस्त्र बंडखोरांच्या हाती होता. तेथे ना लस पोहोचत होती, ना निरीक्षक. देशाचे शून्य बरोबर दिसत होते, कारण बोर्नोतील त्या खेड्यांची जागा कोरी होती आणि ती कोरी जागा बेरजेत शून्य म्हणून धरली गेली.

यानंतर शोधाची व्याप्ती वाढविण्यात आली. विस्थापितांच्या छावण्यांत, बाजारपेठांत, सीमेवरील नाक्यांवर पथके बसली. मोहिमेनंतर स्वतंत्र निरीक्षक मुलांच्या बोटांवरील शाईची खूण पाहून लस मिळाली किंवा नाही, याची पडताळणी करीत असत. २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका विभाग मूळ पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचे घोषित झाले. त्यानंतर मलावी व मोझांबिक येथे बाहेरून आलेल्या विषाणूचे रुग्ण आढळले, आणि लसीकरण अपुरे असलेल्या भागांत लशीपासून उत्परिवर्तित झालेल्या विषाणूचा उपद्रव होत राहिला. म्हणजेच प्रमाणपत्र मिळाले तरी पहारा उठविता येत नाही.

चाडमधील दहा वर्षे

नारूच्या बाबतीत चाड या देशाने हाच धडा दिला. २००० सालानंतर चाडने नारूचा एकही रुग्ण कळविला नव्हता. दहा वर्षांचे शून्य! प्रमाणपत्राची वेळ जवळ आली असताना, २०१० मध्ये, तेथे १० रुग्ण सापडले. पुढे २०१२ मध्ये त्याहून अनपेक्षित गोष्ट लक्षात आली. शारी नदीच्या काठच्या खेड्यांत कुत्र्यांनाही मोठ्या प्रमाणावर नारू होत होता. तोपर्यंतच्या नोंदवहीत कुत्र्यांसाठी रकानाच नव्हता. २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे २,००० प्राण्यांना नारू झाल्याचे नोंदले गेले, आणि त्यांतील बहुतेक चाडमधील कुत्री होती.

मग कार्यक्रमाची दिशा बदलावी लागली. माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरणे, नारूग्रस्त कुत्र्यास बांधून ठेवणे, तळ्यांत सायक्लॉप्सनाशक औषध टाकणे, आणि रुग्ण अथवा कुत्रे दाखवून देणाऱ्यास रोख बक्षीस देणे, असे उपाय योजण्यात आले. येथेही मूल्यमापनाची एक सूक्ष्म युक्ती आहे. बक्षीस जाहीर केले एवढ्यावर समाधान मानले जात नाही. किती लोकांस त्या बक्षिसाची माहिती आहे, हे पाहणी करून मोजले जाते. तसेच 'अमुक गावी नारू झाला म्हणे' अशा वावड्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून प्रत्येक वावडीची २४ तासांत चौकशी करावयाची असते. रुग्ण शून्य आणि वावड्याही शून्य, असा अहवाल आला तर त्याकडे शंकेने पाहावे लागते. लोक बोलत असतील तर वावड्या असणारच. वावडी नाही याचा अर्थ कोणी विचारीत नाही.

या चिकाटीचे फळ काय? १९८६ मध्ये ३५ लाख असलेली रुग्णसंख्या २०२३ मध्ये १४ आणि २०२४ मध्ये १५ होती. नारूग्रस्त प्राण्यांची संख्या २०२४ मध्ये ६६४ पर्यंत खाली आली. लस नाही, औषध नाही. मुख्यतः गाळण्याचे कापड, स्वच्छ पाणी, लोकशिक्षण आणि काटेकोर नोंद, एवढ्या भांडवलावर हे घडले आहे.

नोंदवह्यांचे ओझे

या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर ते एकांगी होईल. मोजणीलाही मर्यादा असावी लागते. आफ्रिकेतील अनेक देशांत क्षय, एड्स, हिवताप, लसीकरण असा प्रत्येक कार्यक्रम निराळ्या देणगीदाराच्या पैशावर चाले, आणि प्रत्येकाचे तक्ते निराळे. एकच परिचारिका दिवसभर रुग्ण तपासणार आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात डझनभर नोंदवह्या भरणार, अशी परिस्थिती निर्माण झाली. जी माहिती भरणाऱ्याच्या स्वतःच्या कधीच उपयोगी पडत नाही, ती तो मन लावून भरील कशी?

एड्सच्या कार्यक्रमात २००४ साली देशोदेशींची सरकारे व देणगीदार यांनी एक तत्त्व मान्य केले. एका देशात एकच कृती आराखडा, एकच समन्वय यंत्रणा आणि देखरेख व मूल्यमापनाची एकच पद्धती असावी. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यानंतर, १९९० च्या दशकात, जिल्हा हा पाया मानून आरोग्य माहितीची संगणकीय व्यवस्था विकसित करण्यात आली. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाच्या साहाय्याने ती पुढे वाढली आणि केनियाने २०११ मध्ये ती देशभर लागू केली. आज आफ्रिकेतील बहुसंख्य देश तिचा वापर करतात. संगणकामुळे आकडा राजधानीपर्यंत लवकर पोहोचतो, हा मोठाच लाभ होय. परंतु न पाहता लिहिलेले शून्य संगणकात गेले, तर ते न पाहिलेलेच राहते. फक्त अधिक वेगाने प्रवास करते.

आपल्या गावापुरते

मित्रहो, या सर्व विवेचनातून आपण आपल्या गावी काय न्यावे? शिक्षकांच्या हाती गैरहजेरीपट आहे. पंचायत सदस्यांच्या हाती पाण्याच्या स्रोतांची माहिती आहे. आरोग्य सेविकेच्या हाती नोंदवही आहे. यांपैकी प्रत्येक जण कळत नकळत देखरेखीच्या साखळीतील एक कडी आहे. म्हणून आपल्यासमोर शून्य असलेला कोणताही तक्ता आला, तर मी चार प्रश्न सुचवितो. हे कोणी पाहिले? कोठे कोठे पाहिले व कोणती वस्ती राहून गेली? खरोखर कोणी आढळले असते, तर ते कळविणाऱ्यास लाभ झाला असता की त्रास? आणि मागील महिन्याच्या आकड्यावरून या महिन्यात काय बदलले?

यांतील तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घानामध्ये नारूच्या रुग्णास निवारा केंद्रात ठेवून मोफत उपचार व जेवण देण्यात येत असे. त्यामुळे लोक आपण होऊन पुढे येत. रोग सांगणाऱ्यास गावाची बदनामी केल्याबद्दल बोल लावला जाईल, किंवा रुग्ण शोधणाऱ्या सेविकेलाच 'तुझ्या हद्दीत रोग कसा?' असा जाब विचारला जाईल, तर शून्यांचे पीक उदंड येईल. ग्रामसभेत आरोग्याचा तक्ता वाचला जातो, तेव्हा जिने अधिक रुग्ण शोधून काढले त्या सेविकेचे अभिनंदन करण्याची प्रथा आपण पाडली, तर ती एखाद्या नव्या योजनेइतकीच उपयुक्त ठरेल.

वाडीवस्तीवरची पालावरची मुले, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, नदीपलीकडील चार घरे, ही आपल्या तक्त्यातील बोर्नो होत. त्यांची जागा कोरी असेल, तर ती कोरीच दाखवावी व तेथे जाण्याची तारीख शेजारी लिहावी. कोरी जागा भरून काढता येते. खोट्या शून्याला मात्र कोणी भेट द्यावयास जात नाही, आणि त्याची किंमत शेवटी एखाद्या बालकाच्या पायाने चुकती होते.



जय हिंद! जय महाराष्ट्र!